नाडी एक, घड्याळे दोन

आपल्याकडे पूर्वी अंतर, वेळ आणि दमणूक मोजायला फारसे साहित्य लागत नसे. शेजारची वस्ती किती लांब, तर हाकेच्या अंतरावर. मळा किती लांब, तर पानाचा विडा तोंडात विरेपर्यंत पोहोचावे इतका. माणूस किती दमला, हे ओट्यावर टेकल्यानंतर पहिला शब्द बोलायला त्याला किती वेळ लागतो यावरून ठरे. ही मापे सैल होती, पण ती सैल आहेत हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे त्यांच्यावरून कुणी रात्रीची झोप घालवून घेतल्याचे ऐकिवात नाही.

आजची मनगटावरची घड्याळे वेळ तर सांगतातच, शिवाय पावले मोजतात, हृदयाचे ठोके मोजतात, व्यायामाची मिनिटे मोजतात आणि शरीराने किती कॅलरी जाळल्या तेही सांगतात. आकडा कसा येतो पाहा : ७,३४२ पावले, ११८ ठोके, २६४ कॅलरी. अगदी शेवटच्या अंकापर्यंत नेमका. इतका नेमका आकडा चुकीचा कसा असेल, असे आपल्याला वाटते. मग एके दिवशी शेजारी दुसरे घड्याळ येऊन बसते आणि तेही तितक्याच नेमकेपणाने निराळे सांगते.

वाचक म्हणतील, इतिहास घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने विज्ञान शाखेच्या अंगणात कशाला शिरावे ? माझे उत्तर असे की हा प्रश्न मी शोधायला गेले नव्हते. तो आमच्या घरी चालत आला. नेमके सांगायचे तर, त्याने आमच्या घरातले चालणे बंद पाडले.

माझे वडील, आप्पा, धुळ्याला असतात. मुंबई-आग्रा रस्त्यावर त्यांनी तीस वर्षे ट्रक चालविला. मी शिक्षणासाठी जळगावला मामांकडे राहते आणि महिन्यातून एकदोनदा एरंडोल, पारोळा मागे टाकीत घरी जाते. गेल्या वर्षी आप्पांच्या छातीत दुखले, अँजिओप्लास्टी झाली, आणि साठाव्या वर्षी त्यांच्या हातातले स्टिअरिंग सुटले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्ट्यावर चालवून तपासणी केली आणि सांगितले, ‘‘रोज चाला. औषधाइतकेच चालणे महत्त्वाचे. फक्त सध्या ठोके ११०च्या पुढे जाऊ देऊ नका.’’ आप्पा पांझरेच्या काठच्या रस्त्याने सकाळी चालू लागले. धाकट्या भावाने दिवाळीला त्यांना एक घड्याळ घेऊन दिले. त्यात ठोके ९०-९५ दिसत आणि आप्पा खूष असत. पुढे आतेभावाने प्रेमाने दुसरे, अधिक महागाचे घड्याळ दिले. आप्पांनी ते दुसऱ्या हातात घातले. एका हातावर ९४ आणि दुसऱ्या हातावर ११८.

त्या सकाळी आप्पा अर्ध्या वाटेवरून परतले. दुसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने फोन केला. मी घरी पोहोचले तेव्हा ते खाटेवर बसले होते आणि दोन्ही घड्याळे समोरच्या स्टुलावर होती. मला म्हणाले, ‘‘दोन घड्याळं, दोन आकडा. माले कितला काळीज शेतस व माय ?’’ 

हे वाक्य ते हसत बोलले, पण त्यामागची भीती लपत नव्हती. ज्या माणसाने चालावे म्हणून ती यंत्रे आणली, तो त्यांच्यामुळे बसला होता. मग मी या प्रकरणाच्या मागे लागले.

आमच्या विषयात एक शिस्त शिकवितात. एकाच लढाईविषयी दोन बखरी दोन गोष्टी सांगू लागल्या, तर लगेच एक खरी आणि दुसरी खोटी ठरवायची नाही. लिहिणारा कोण, तो कुठे उभा होता, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे आधी विचारायचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींची अशीच कठोर झडती घेतली होती. ते १९२६ च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ पासून याच गावात आहे. तेव्हा धुळ्याच्या मुलीने घड्याळाला साक्षीदार मानून उलटतपासणीस घेतले, तर त्यात फारसे वावगे नाही.

पहिला प्रश्न : बाबा रे, तू स्वतः काय पाहिलेस ?

उत्तर मजेशीर आहे. मनगटावरच्या घड्याळाने हृदय पाहिलेलेच नसते. घड्याळ पालथे केले की पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. हिरवा प्रकाश रक्तात चांगला शोषला जातो. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, तेवढ्यापुरता प्रकाश जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. लाट ओसरली की जास्त परत येतो. परत येणाऱ्या प्रकाशाची ही चढउतार घड्याळाचा डोळा पाहतो आणि आतला हिशेबनीस त्यावरून ठोके ठरवितो. म्हणजे पाहिला तो प्रकाश, आणि ठोके हा काढलेला निष्कर्ष.

मी हे मामांना सांगितले. मामा जळगावच्या सराफ बाजारात कारागीर आहेत. ते म्हणाले, ‘‘यात नवल काय ? आम्ही तरी सोनं कुठे बघतो ? आम्ही दगडावरची रेघ बघतो.’’ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासायचा, त्याच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची, तेजाब लावायचे आणि कोणती रेघ किती टिकते ते पाहायचे. आता दुकानात क्ष-किरणांचे यंत्रही असते. पण ते दागिन्याच्या वरच्या पातळ थराचीच साक्ष देते. आतले पुरते कळायचे तर तुकडा भट्टीत घालून वितळवावा लागतो. तीन रीती, तीन खोल्या. ‘‘आणि रेघ वाचणारा डोळा बदलला की कस थोडा हलतोच,’’ मामा म्हणाले.

नाडी वाचणारा डोळा तर फार जुना आहे. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीच्या गती सापाच्या, बेडकाच्या, हंसाच्या चालीसारख्या सांगितल्या आहेत. वैद्याची तीन बोटे संख्येपेक्षा चाल पाहत. इंग्लंडात जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ साली नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे घड्याळ वापरायला सांगितले आणि नाडीचा आकडा झाला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलंड्सच्या विलेम आइन्थोवेनने हृदयाची वीज कागदावर उतरविण्याचे यंत्र सिद्ध केले आणि १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळविले. दवाखान्यात आपल्या छातीला तारा लावतात ती हीच रीत. खेळाडू छातीला बांधतात तो पट्टाही ही वीजच ऐकतो. फिनलंडमधल्या एका कंपनीने १९८२ मध्ये तो बिनतारी करून बाजारात आणला. तेव्हा छातीचा पट्टा हा हृदयाच्या दाराशी उभा असलेला साक्षीदार आहे आणि मनगटाचे घड्याळ चार गल्ल्या सोडून, लाटेची वाट पाहत बसलेला.

दूरच्या साक्षीदाराची अडचण गर्दीत होते. माणूस खुर्चीत शांत बसला असता मनगटावर लाट स्वच्छ दिसते. चालू लागला की हात हलतो, घड्याळ त्वचेवरून सरकते, आतले रक्त हेलकावते, घाम येतो, बाहेरचा उजेड फटीतून शिरतो. आता प्रकाशाच्या चढउतारात ठोका कोणता आणि हाताचा झोका कोणता, हे हिशेबनिसाला निवडून काढावे लागते. प्रत्येक कंपनीचा हिशेबनीस वेगळा आणि त्याची वही गुप्त. थंडीत त्वचेकडचे रक्त कमी होते, गोंदण असेल तर शाई प्रकाश अडविते. तेव्हाही काम बिकट होते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये निरनिराळी मनगटी यंत्रे ताडून पाहिली, तेव्हा हालचाल करताना होणारी चूक विश्रांतीच्या वेळेपेक्षा सरासरीने ३० टक्के अधिक आढळली. आणि यंत्रायंत्रांतही फरक होता.

सगळ्यांत फसवी गोष्ट तालाची. चालणाऱ्या माणसाची पावलेही ठरावीक तालात पडतात. मिनिटाला शंभर-सव्वाशे पावले, तीही लाटेसारखीच नियमित. घड्याळ सैल असले की हिशेबनीस कधीकधी पावलांचा तालच हृदयाचा म्हणून धरून बसतो.

हे वाचल्यावर मी आप्पांना घेऊन नदीकाठी गेले. त्यांना नेहमीच्या चालीने चालायला लावले आणि मोबाइलच्या घड्याळावर मिनिटभर त्यांची पावले मोजली. ११६ भरली. नव्या घड्याळात ठोके किती ? ११७. मग त्यांना थांबवून ताबडतोब मनगटावर बोटे ठेवली आणि पंधरा सेकंद मोजले : २३. चारने गुणले, ९२. थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते, म्हणून मोजणे लगेच आणि थोडाच वेळ करायचे असते. अर्थात या बोटांच्या साक्षीलाही मर्यादा आहे. पंधरा सेकंदांत एक ठोका इकडेतिकडे झाला की मिनिटाला चारचा फरक पडतो. म्हणून भावाच्या भरती-अकादमीतल्या सरांकडून छातीचा पट्टा एक दिवस मागून आणला. पट्ट्याने सांगितले ९५. जुने घड्याळ सांगत होते ९४.

नवे घड्याळ आप्पांनी बांगडीसारखे सैल घातले होते. ते मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर सरकविले, पट्टा दोन भोके आवळला आणि पुन्हा चालायला सांगितले. पाच मिनिटांनी त्यात ९७ आले. महागाचे घड्याळ वाईट नव्हते. त्याला बिचाऱ्याला नीट दिसत नव्हते.

पण उलटतपासणी इथे संपत नाही. आकडा दाखविण्याची वेळही यंत्रागणिक निराळी. काही घड्याळे मागच्या काही सेकंदांची सरासरी दाखवितात, काही बॅटरी वाचविण्यासाठी मधूनमधूनच पाहतात. भाऊ शंभर मीटर धावून थांबतो, गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतो, आणि त्याच्या घड्याळातले ठोके तेव्हा कुठे वर चढत असतात. ‘विश्रांतीची नाडी’ म्हणजे एका यंत्राच्या मते झोपेतली धरून, तर दुसऱ्याच्या मते जागेपणी स्वस्थ बसलेली. दोन्ही आपापल्या व्याख्येने बरोबर.

शिवाय प्रत्येक फरक यंत्राचा नसतो, हेही खान्देशात राहून विसरता येत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांना टेकतो. त्या दिवसांत सकाळी आठनंतर त्याच रस्त्याने त्याच वेगाने चाललो तरी ठोके खरोखरच जास्त पडतात. कारण अंग थंड ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे धाडावे लागते आणि हृदयावर दोन कामे पडतात. तिथे घड्याळाला नावे ठेवून चालत नाही. सावली गाठावी.

आता पावलांकडे वळू. पावले मोजणाऱ्या घड्याळाला पाय दिसत नाहीत, हे तर उघडच आहे. त्याच्या पोटात हिसके टिपणारे एक इवलेसे यंत्र असते. हात पुढेमागे झुलला की हिसका, काही हिसके सलग नियमित आले की ‘माणूस चालतो आहे’ असा निष्कर्ष. किती जोराचा हिसका पाऊल समजायचा आणि किती सलग आल्यावर मोजायला आरंभ करायचा, हे ज्याचे त्याने ठरविलेले. खिशातला मोबाइल मांडीचे हिसके मोजतो, मनगटाचे घड्याळ हाताचे. दोघांचा आकडा जुळला तरच आश्चर्य.

याचा प्रयोग आईवर झाला. कळण्याच्या भाकरी थापायला बसताना मी तिच्या हातात घड्याळ बांधले. बारा भाकरी होईपर्यंत ती पाटावरून हलली नाही आणि घड्याळाने तिला ३४० पावले चालविले. नंतर तिने अंगणातल्या नळावरून डोक्यावर हंडा आणला, एक हात हंड्याला धरून. मी मोजलेली पावले ६४, घड्याळाने मोजलेली ११. कारण हात हललाच नाही. आई म्हणाली, ‘‘म्हणजे बसून भाकरी केली ती चाल, आणि हंडा वाहिला तो आराम ! हे घड्याळ पुरुषमाणसाचं दिसतं.’’ आम्ही सगळे हसलो. पण मला ते वाक्य अजून सोडीत नाही. मोकळ्या हाताने, हात झुलवीत चालणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून यंत्र बनविले, की ज्यांचे हात कधी मोकळे नसतात त्यांचे श्रम हिशेबाबाहेर राहतात. आमच्याकडे कापूस वेचणाऱ्या बायका दिवसभर एका सरीत वाकून सरकतात. त्यांच्या दिवसाचा आकडा कोणते घड्याळ सांगेल ?

अंतराचा भाग मात्र आप्पांनीच मला समजाविला. मी म्हणत होते की घड्याळ पावले मोजते आणि उंचीवरून धरलेल्या पावलाच्या लांबीने गुणते. ते लगेच म्हणाले, हे तर गाडीच्या मीटरसारखे झाले. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो आणि चाकाचा घेर ठरलेला धरतो. ‘‘टायर घसाई गया म्हणजे मीटर जास्ती दखाडस.’’ झिजलेल्या चाकाचा घेर कमी, म्हणून तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त. आजारानंतर आप्पांचे पाऊल आखूड झाले आहे; घड्याळ मात्र त्यांच्या उंचीच्या निरोगी माणसाचे पाऊल धरून बसले आहे. टायर झिजले आहे आणि मीटरला ते ठाऊक नाही.

ज्या घड्याळात जी. पी. एस. आहे ते उपग्रहांकडून आपली जागा विचारते. उपग्रह वीस हजार किलोमीटरवर, त्यामुळे जागेत काही मीटरची चूक धरूनच चालायची. झाडी किंवा इमारती असतील तर अधिक. हे ठिपके रेघेने जोडले की वाट होते. ठिपके दूरदूर घेतले तर वळणे कापली जातात आणि अंतर घटते. ठिपके थरथरले तर नागमोडी होऊन अंतर वाढते. मेहरूण तलावाच्या काठाने मी आणि माझी मैत्रीण खांद्याला खांदा लावून चालतो, तरी आमच्या घड्याळांत शेदीडशे मीटरचे अंतर पडते. मैत्रीण म्हणते, ‘‘तू थोडी मागे राहिलीस.’’

आम्हांला यात गंमत वाटते, पण माझ्या भावाला वाटत नाही. तो पोलीस भरतीची तयारी करतो आहे. त्याला १,६०० मीटर धावायचे असते, मुलींना ८००; आणि सेकंदावर गुण बसतात. घड्याळ १,६०० मीटर पुरे झाल्याची खूण करते तेव्हा मैदानावर त्याची चौथी फेरी अजून संपलेली नसते. खुणेवरची वेळ धरून तो आनंदात असे. सरांनी सांगितले, ‘‘भरतीत तुझे घड्याळ धावणार नाही, तू धावणार आहेस.’’ ४०० मीटरची फेरी ही अगदी आतल्या पट्टीची. दुसऱ्या पट्टीत तीच फेरी सुमारे ४०७ मीटर भरते आणि आठव्या पट्टीत ४५३. कोणत्या पट्टीतून धावलो हे माहीत नसेल, तर घड्याळाशी भांडूनही उपयोग नाही. आता तो आतल्या पट्टीतून धावतो आणि वेळ साध्या थांबत्या घड्याळावर घेतो. त्याचे गुण वाढतील की नाही ते मैदान ठरवील, पण सध्या तरी तो स्वतःला फसवीत नाही.

व्यायामाची मिनिटे आणि कॅलरी यांत तर मापापेक्षा व्याख्येचाच घोळ अधिक. मामांच्या बाजारातले उदाहरण द्यायचे तर तोळ्याचे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. त्यानंतर व्यवहारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम होऊन बसला. आजीच्या पाटल्या ‘चार तोळ्यांच्या’ आणि नातसुनेच्याही ‘चार तोळ्यांच्या’. शब्द एक, वजन दोन. तसेच ‘व्यायाम’ या शब्दाचे. माझ्या चाळीस मिनिटांच्या फेरीला एक घड्याळ चाळीस मिनिटे व्यायाम मानते, कारण ते चालीचा वेग पाहते. दुसरे बावीस मानते, कारण नाडी एका रेषेवर गेल्याशिवाय ते व्यायाम समजतच नाही.

ती रेषा तरी कुठली ? बहुतेक ठिकाणी ती हृदयाच्या कमाल वेगाच्या टक्केवारीत असते आणि कमाल वेग वयावरून काढलेला असतो. जुने सूत्र २२० वजा वय. २००१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दुसरे सुचविले : २०८ वजा वयाच्या सात दशांश. माझ्या वीस वर्षांच्या भावाला पहिले सूत्र २०० देते, दुसरे १९४. साठीच्या आप्पांना पहिले १६०, दुसरे १६६. आणि ही दोन्ही सूत्रे पुष्कळ माणसांच्या सरासरीची आहेत, एकट्या माणसाची नव्हेत. आप्पांच्या बाबतीत तर दोन्ही निरुपयोगी; कारण त्यांना जी बीटा ब्लॉकर नावाची गोळी चालू आहे, ती हृदयाचा वेगच आवरून धरते. म्हणून एका घड्याळात आप्पांना व्यायामाची मिनिटे जवळपास शून्य मिळत. तासभर चालून शून्य ! डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, ‘‘गोळीचं काम चाललं आहे याची ती खूण आहे. घड्याळाला गोळी माहीत नाही.’’

कॅलरींविषयी थोडक्यातच सांगते. काही यंत्रे शरीर नुसते जिवंत ठेवायला लागणारी ऊर्जाही त्यात धरतात, काही फक्त व्यायामाची. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये साठ जणांवर सात यंत्रे तपासली. ठोक्यांच्या बाबतीत सातांपैकी सहा यंत्रांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती. कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले यंत्रही सरासरीने २७ टक्के चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. तेव्हा घड्याळात जळालेल्या कॅलरींच्या भरवशावर कुणी दुसरी जिलबी उचलू नये.

आणि रोजच्या दहा हजार पावलांचा दंडक ? तो वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ साली जपानात पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि दंडक होऊन गेले. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला ४,४०० पावले चालणाऱ्यांतही मृत्यूचे प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसले, आणि सुमारे ७,५०० च्या पुढे आणखी फायदा दिसला नाही. आप्पांना मी हे सांगितले तेव्हा त्यांच्या तोंडावरचा ताण उतरलेला मला दिसला. दहा हजार भरत नाहीत म्हणून ते स्वतःला अपंग समजू लागले होते.

मग यंत्रे फेकून द्यायची का ? मुळीच नाही. राजवाड्यांनी बखरींना झोडपले, पण जाळा म्हटले नाही. साक्षीदार कुठे उभा होता हे कळले, की त्याच्या साक्षीतून काय घ्यायचे तेही कळते. दोन घड्याळांचे आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थ थोडा; पण एकाच घड्याळाचे, एकाच मनगटावरचे, सारखेच घट्ट बांधलेले, आजचे आणि महिन्यापूर्वीचे आकडे ताडले तर ते पुष्कळ सांगतात. ते घड्याळ दहा टक्के जास्त मोजत असेल तर रोजच जास्त मोजते. चढ आणि उतार तरी खरा कळतो. आप्पांचा मीटरही कधी बरोबर नव्हता, पण डिझेलचा हिशेब ते त्याच मीटरवर करीत, आणि गाडी कुठे जास्त पिऊ लागली हे त्यांना बरोबर समजे.

आम्ही घरात तसेच ठरविले. आप्पांच्या हातात एकच घड्याळ राहिले. दुसरे आता भावाकडे आहे. आठवड्यातून एकदा ते थांबून बोटांनी नाडी मोजतात आणि घड्याळाशी ताडतात. डॉक्टरांनी आणखी एक माप दिले आहे, ते बिनखर्चाचे : चालताना बोलता आले पाहिजे, पण गाता येऊ नये. गाणे जमू लागले तर चाल मंद, बोलणे तुटू लागले तर चाल फार. आणि छातीत दुखले, चक्कर आली, दम लागला, तर घड्याळात काहीही दिसो, थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. ट्रकमध्ये तीस वर्षे गुणगुणत काढलेल्या माणसाला हे माप फार आवडले. आई त्यांच्याबरोबर जाते. ती प्रश्न विचारते आणि ते उत्तर देतात की नाही ते पाहते.

मित्रहो, पुढे आपल्यापैकी कुणी शिक्षक होईल, कुणी कचेरीत बसेल, कुणी पत्रकार. आकडे आपल्यापुढे येतच राहणार : पटाचे, पावसाचे, पिकाचे, टक्केवारीचे. दशांश चिन्हापुढे दोन अंक लिहून आलेला आकडा पाहून मान तुकविण्याची सवय आपल्याला फार लवकर लागते. आणि दोन आकडे जुळले नाहीत की ‘सगळेच खोटे’ म्हणण्याचीही. या दोहोंच्या मध्ये थोडी जागा असते. तिथे उभे राहून विचारायचे असते : तू काय पाहिलेस, कुठून पाहिलेस, आणि पाहिले नाहीस ते कशाने भरून काढलेस ? हे प्रश्न विचारायला विज्ञान शाखेचा प्रवेश लागत नाही. माझ्या आईने भाकरी थापता थापता ते विचारले.

आप्पा आता रोज पाच हजारांच्या आसपास पावले चालतात. पाच हजार कमी की जास्त, हे मला सांगता येणार नाही. पण गणपती मंदिरापर्यंत जाऊन येताना मध्ये त्यांना आता एकदाच बसावे लागते. पूर्वी तीनदा बसावे लागे.